उथळाला खोल, मग गोड्याला काय? शब्दांचे समसंबंध सोडवण्याची रीत

देवगड तालुक्यात खाडीकाठी आमचं घर आहे. पडवीत संध्याकाळी आठ-दहा मुलं शिष्यवृत्तीच्या अभ्यासाला बसतात. मागच्या पावसाळ्यात मी फळ्यावर समसंबंधाचा, म्हणजे पहिल्या जोडीतलं नातं दुसऱ्या जोडीला लावायचा, एक प्रश्न लिहिला:

उथळ : खोल :: गोडे : ?
(१) कडू (२) खारे (३) आंबट (४) तिखट

एक मुलगी सोडून सगळ्यांनी 'कडू' लिहिलं. गोडाच्या उलट कडू, दुसरीपासून पाठ. त्या एकटीच्या वहीत 'खारे' होतं, आणि बाकीच्यांचं उत्तर ऐकून ती ते खोडायच्या बेतात होती. तिचा बापूस होडीवर जातो, घर अगदी काठाला. का लिहिलंस, असं विचारल्यावर म्हणाली, "बाई, आमची बाव गोडी आसा, खालच्या वाडीतली खारी. कडू बाव खंय असता?" (बाव म्हणजे विहीर, खंय म्हणजे कुठे.)

उत्तर तिचंच बरोबर. 'उथळ' आणि 'खोल' ही इथे पाण्याची विशेषणं आहेत, तेव्हा तिसरा शब्दही पाण्याचाच धरायचा. दुसरी खूण खुद्द शब्दातच आहे. 'गोडे' म्हणजे 'गोड' नव्हे. 'गोड' कधी वळत नाही: गोड आंबा, गोड केळी, गोड बोलणं. 'गोडा' मात्र नामाप्रमाणे वळतो: गोडी विहीर, गोडे पाणी, गोडे तेल. शेवटची ती एक मात्रा पाहिली असती तरी प्रश्न सुटला असता, कारण चारही पर्यायांत तसा वळणारा शब्द एकच होता.

या एका प्रश्नात समसंबंधाची बहुतेक सगळी गोम आहे. मुलं विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या घोकून येतात आणि यादीपायीच चुकतात. यादीत शब्द एकटा असतो. प्रश्नात तो कुणाच्या तरी सोबतीनं आलेला असतो. गोड्या पाण्याला खारं पाणी, पण गोड्या वालाला कडवे वाल. हे अलिबाग-पेणच्या बाजारात वाल घेणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

खालची रीत मी मुलांसाठी बसवली, पण गावातले पोलीस भरतीची तयारी करणारे पोरगेही आता तीच वापरतात. वेळेचा हिशेब दोघांनाही कडकच आहे. शिष्यवृत्तीच्या प्रत्येक पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे ५४ सेकंद. समसंबंधाचा प्रश्न नीट सवय असेल तर वीस-पंचवीस सेकंदांत सुटतो, आणि वाचलेला वेळ गणिताला मिळतो. (नवोदयच्या बुद्धिमत्ता चाचणीत समसंबंध आकृत्यांचे असतात, शब्दांचे नाहीत. त्या मुलांनी हा लेख भाषेसाठी वाचावा, त्या पेपरसाठी नाही.)

पहिली पायरी: ठिपके सोडून वाक्य वाचा

दोन ठिपके आणि चार ठिपके पाहून लहान मुलं बिचकतात. त्यांना गणितातलं गुणोत्तर आठवतं, आणि खरं तर ते तसंच आहे. पण वाचताना मराठीत वाचा: "उथळचं खोलशी जे नातं, तेच गोडेचं कुणाशी?" पहिल्या आठवड्यात मी मुलांना प्रत्येक प्रश्न असा मोठ्यानं वाचायला लावते. पुढे ओठ आपोआप बंद होतात, पण वाक्य डोक्यात चालू राहतं.

दुसरी पायरी: पर्याय झाकून नात्याचं वाक्य करा

हाताच्या पंज्यानं पर्याय खरोखर झाका. पर्याय आधी पाहिले की मन त्यांतला एखादा ओळखीचा शब्द उचलतं आणि मग त्याच्यासाठी कारण शोधत बसतं.

आता 'राजा' हा शब्द घ्या.

राजा : राणी म्हणजे नवरा-बायको, पुल्लिंग-स्त्रीलिंग.
राजा : प्रजा म्हणजे राज्य करणारा आणि ज्याच्यावर राज्य करतो ते.
राजा : रंक म्हणजे वैभवाचं एक टोक आणि दारिद्र्याचं दुसरं.

शब्द तोच, जोडीदार बदलला की नातं बदललं. 'राजा : रंक :: सधन : ?' असेल तर उत्तर 'निर्धन'. 'राजा : राणी :: दीर : ?' असेल तर 'जाऊ'. पहिला शब्द वाचूनच जो धावला तो इथे पडतो. म्हणून जोडी पुरी वाचायची आणि दोन्ही शब्द ज्यात येतील असं एक छोटं वाक्य मनात करायचं: "राजा वैभवात लोळतो, रंक त्याच्या उलट." हेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावून पाहायचं. लागलं तर उत्तर, नाही तर पुढे.

वाक्य जितकं नेमकं, तितकं बरं. "दोघांचा संबंध आहे" असं वाक्य चारही पर्यायांना लागतं, म्हणून ते कुचकामी.

तिसरी पायरी: जोडी खरोखर विरुद्धार्थी आहे का?

इथे थोडं थांबायला हवं, कारण विरुद्ध वाटणाऱ्या पण विरुद्ध नसलेल्या जोड्या फार.

कैरी : आंबा. एका सराव-पुस्तकात ही जोडी विरुद्धार्थी शब्दांत छापलेली पाहिली आणि हसू आवरेना. कैरी आंब्याच्या विरुद्ध कशी? ती आंब्याचीच आधीची अवस्था. हे नातं 'आधी काय, मग काय' असं आहे, म्हणून 'कैरी : आंबा :: शहाळे : ?' याचं उत्तर 'नारळ'. देवगडात हापूसच्या बागेत वाढलेलं पोर हे चुकणार नाही, पण पुस्तक चुकलं.

सासू : सून. ही जोडी एकाच नात्याची दोन टोकं आहे: मी तुझी सासू, तू माझी सून. मग 'सासू : सून :: मामा : ?' याला उत्तर 'भाचा'. मुलं डोळे मिटून 'मामी' लिहितात, कारण मामा-मामी ही जोडी तोंडात बसलेली असते. विकणे-घेणे, गुरू-शिष्य याच जातीचे. त्यांना ढोबळपणे विरुद्धार्थी म्हणतात, हरकत नाही. पण जोडी लावताना दोन्हीकडे देवघेवीचंच नातं हवं.

जोडशब्द. सुख-दुःख विरुद्ध, धन-दौलत सारखे, पाऊस-पाणी नुसते सोबती. तिन्ही कानाला एकाच चालीचे लागतात. मधे 'किंवा' घालून पाहा. "सुख किंवा दुःख" म्हटलं की दोन वाटा दिसतात. "धन किंवा दौलत" म्हटलं की एकच वस्तू दोनदा सांगितल्यासारखं होतं.

खरे विरुद्धार्थीही एका मुशीतले नसतात. जिवंत आणि मृत यांच्या मधे काही बसत नाही. गरम आणि थंड यांच्या मधे कोमट बसतं. असं मधे काही बसत असेल तर शब्दाची तीव्रता पाहावी लागते, त्याकडे पुढे येते.

चौथी पायरी: कुठल्या अर्थाच्या उलट?

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, आणि सगळ्यात जास्त मजाही इथेच आहे.

'ओला' घ्या. खोबरं ओलं किंवा सुकं. काजूगर ओले किंवा सुके. दुष्काळ मात्र ओला किंवा कोरडा. 'कच्चा' घ्या: आंबा कच्चा नाही तर पिका, भात कच्चा नाही तर शिजलेला, रस्ता कच्चा नाही तर पक्का. 'जड' म्हटलं तर ओझ्याला 'हलकं', पण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात 'जड'च्या समोर 'चेतन' उभं राहतं.

'जून' आणि 'जुना' यांत दरवर्षी कुणीतरी अडकतं. भेंडी जून झाली म्हणजे जुनी झाली असं नव्हे, ती निबर झाली. तिच्या उलट 'कोवळी'. 'जुना'च्या उलट 'नवा'. आणि 'गोड-गोडा' सारखंच इथेही: 'जून' वळत नाही (जून भेंडी, जून नारळ), 'जुना' वळतो (जुनी होडी, जुने जाळे).

मग काही शब्द असे की ज्यांच्या उलट तीन-तीन शब्द आहेत.

'उत्तर'. प्रश्नाच्या समोर उत्तर, दक्षिणेच्या समोर उत्तर, आणि 'पूर्व' म्हणजे आधीचं, तेव्हा त्याच्या समोर 'उत्तर' म्हणजे नंतरचं: पूर्वार्ध-उत्तरार्ध. दिशांच्या हिशेबानं पूर्वेच्या उलट पश्चिम असते आणि नाटकाच्या दोन भागांत पूर्वच्या उलट उत्तर असतं, हे सांगितल्यावर आमच्या पडवीत एकदा दहा मिनिटं वाद झाला.

'वर'. खालीच्या उलट वर, वधूच्या जोडीला वर, आणि शापाच्या उलट वर. हा प्रश्न पाहा:

निंदा : स्तुती :: शाप : ?
(१) खाली (२) वर (३) रोष (४) पाप

मुलं 'वर' हा पर्याय वाचतात, त्यांना जिना आठवतो, आणि ती पुढे जातात. मग 'रोष'वर खूण करतात. देवानं दिलेला वर डोक्यात असेल तर एका क्षणात सुटावं.

'शुद्ध'. शाळेत अशुद्धाच्या उलट. पंचांगात वद्याच्या उलट: चैत्र शुद्ध प्रतिपदा, चैत्र वद्य प्रतिपदा. घरात पंचांग वाचणारी आजी असेल तर तिचा उपयोग करून घ्या.

तर उपाय काय? विशेषण दिसलं की त्याच्यापुढे एक नाम ठेवायचं, आणि ते नाम पहिल्या जोडीलाही लागतं का ते पाहायचं. 'उथळ पाणी, खोल पाणी, गोडे पाणी...' आता जीभ आपोआप 'खारे' म्हणते. नाम दोन्हीकडे एकच असलं पाहिजे असं नाही. पण शब्द कुठल्या अर्थानं आलाय ते ठरवायला ते लागतंच. नाम ठेवल्याशिवाय विशेषणाच्या उलट काय, हा प्रश्नच मी मुलांना विचारू देत नाही.

पाचवी पायरी: उपसर्ग पाहा, पण त्याच्यावर विसंबू नका

विरुद्धार्थी शब्दांपैकी पुष्कळसे नुसता उपसर्ग बदलून होतात. सजीव-निर्जीव, साक्षर-निरक्षर, सगुण-निर्गुण यांत 'स' जातो आणि 'निर्' येतो. सुगंध-दुर्गंध, सुकाळ-दुष्काळ, सुदैव-दुर्दैव यांत 'सु' जाऊन 'दुर्' किंवा 'दुष्'. मान-अपमान, यश-अपयश. आयात-निर्यात. उन्नती-अवनती. फारसी-अरबीकडून आलेल्या शब्दांना 'गैर', 'बे', 'ना' लागतात: गैरहजर, बेजबाबदार, नापसंत.

यातून एक सोपी खूण मिळते. ज्या गावचा शब्द, त्या गावचा उपसर्ग. 'उपस्थित : अनुपस्थित :: हजर : ?' याला 'गैरहजर'. 'अहजर' हा पर्याय मी स्वतः एका सराव पेपरात पाहिलाय. मराठी बोलणाऱ्या कुणीही तो शब्द कधी उच्चारलेला नसेल.

आता खड्डे. 'अ' दिसला की नकार, असं समजू नका. 'अमूल्य' म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, किंमत करताच येणार नाही असं. त्याच्या उलट 'कवडीमोल'. 'अपूर्व', 'अप्रतिम' हे शब्दही दिसायला नकाराचे, अर्थानं कौतुकाचे. 'वि'ही दगा देतो: 'विदेश', 'विसंगत' यांत तो उलट करतो, पण 'विज्ञान' हे ज्ञानाच्या विरुद्ध नाही आणि 'विख्यात' हे ख्यातीच्या विरुद्ध नाही.

'अनु' तर दोन प्रकारचा. 'अनुचित' म्हणजे अन् + उचित, तेव्हा नकार. 'अनुक्रम' म्हणजे अनु + क्रम, इथे 'अनु' म्हणजे मागोमाग. ओळखायचं कसं? 'अनु' बाजूला काढा. उरलेला 'क्रम' शब्द म्हणून उभा राहतो; 'चित' इथे उभा राहत नाही, त्याला पुढचा 'उ' परत द्यावा लागतो. 'अनुकूल-प्रतिकूल' मुलांना सांगायला मला फार आवडतं. 'कूल' म्हणजे काठ. काठाच्या बाजूनं जाणारं ते अनुकूल, काठाच्या विरुद्ध ते प्रतिकूल. खाडीत होडी वल्हवणाऱ्या पोराला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

कधी बदल शब्दाच्या शेवटाला असतो. 'कृतज्ञ' म्हणजे केलेलं जाणणारा, 'कृतघ्न' म्हणजे केलेलं नष्ट करणारा. आणि कधी फक्त एका टिंबाचा फरक: 'निश्चित'च्या उलट 'अनिश्चित', पण 'निश्चिंत'च्या उलट 'चिंताग्रस्त'. घाईत टिंब दिसत नाही. पेन्सिलीचं टोक शब्दावर ठेवून वाचा.

ज्यांना उपसर्गाचा आधारच नाही अशा जोड्या मात्र माहीतच असाव्या लागतात: स्थावर-जंगम, प्राचीन-अर्वाचीन, ऐच्छिक-अनिवार्य, तेजी-मंदी, आवक-जावक. त्यांतल्या बऱ्याच शाळेपेक्षा बाहेर भेटतात. आवक-जावक ग्रामपंचायतीतल्या नोंदवहीवर लिहिलेलं असतं, स्थावर खरेदीखतात सापडतं.

सहावी पायरी: मापात बसतो का?

आता हात उचला आणि पर्याय पाहा. मनातलं उत्तर तिथे असेल तर उत्तमच. नसेल किंवा दोन-दोन जवळचे असतील, तर माप लावा.

आधी शब्दाची जात. 'उथळ : खोल :: अरुंद : ?' याला 'रुंद' हवं, 'रुंदी' नको, विशेषणाला विशेषण. मग धाटणी. 'उदय : अस्त :: आरोह : ?' याच्या पर्यायांत 'उतार' आणि 'अवरोह' दोन्ही असतील तर 'अवरोह' घ्यायचं, कारण बाकीचे शब्द त्याच धाटणीचे आहेत आणि आरोहाचा ठरलेला जोडीदार तोच. 'चढ'च्या पुढे मात्र 'उतार'च शोभतो.

आणि तीव्रता. 'गरम : थंड :: उकळते : ?' पर्याय कोमट, गार, गोठलेले, शिळे. गरमच्या समोर थंड ठीक, पण उकळतं हे टोक आहे, त्याला टोकाचाच शब्द हवा: गोठलेले. 'गार' चुकीचा नाही, कमी पडतो.

सातवी पायरी म्हणावी तर एवढीच, की उत्तर घालून पूर्ण ओळ पुन्हा एकदा वाचायची, आणि क्रम पाळलाय का ते पाहायचं. 'लहान : मोठा' असेल तर दुसरीकडेही लहानाकडून मोठ्याकडे. रिकामी जागा सुरुवातीला असली तरी भ्यायचं कारण नाही: '? : ओहोटी :: उदय : अस्त' असं आलं तर पुरी जोडी आधी वाचा, मग मागे या.

कधी सरळ जोडीत नातंच सापडत नाही. 'भरती : उदय :: ओहोटी : ?' यात भरती आणि उदय विरुद्ध नाहीत. मग पहिल्याला तिसऱ्याशी जोडून पाहा. भरती-ओहोटी विरुद्ध, म्हणून उदय-अस्त. वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. अशा वेळी एक सापडला म्हणून पुढे पळू नये. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटी दोनच पर्याय उरले तरी जागा कोरी सोडू नका.

विरुद्धार्थी शब्द जेव्हा आमिष असतो

उधाण : अमावास्या :: भांग : ?
(१) पौर्णिमा (२) अष्टमी (३) एकादशी (४) प्रतिपदा

विरुद्धार्थी शब्दांवर महिनाभर घोटलेली मुलं इथे सरळ जाळ्यात जातात. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) विरुद्ध, अमावास्येच्या विरुद्ध पौर्णिमा, लिहा 'पौर्णिमा'. चूक. नातं वाचा: उधाणाची भरती अमावास्येला येते. मग भांगाची कधी? पौर्णिमेलाही उधाणच असतं, कारण दोन्ही तिथींना सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि ओढ एकत्र होते. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, म्हणून पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, तोच भांग. उत्तर अष्टमी.

हा प्रश्न मी मुद्दाम महिन्याच्या शेवटी देते. समसंबंधात विरुद्धार्थी हे अनेक नात्यांपैकी एक आहे: भाग आणि पूर्ण, वस्तू आणि काम, नदी आणि तिची खाडी. 'सावित्री : बाणकोट :: वाशिष्ठी : ?' याचं उत्तर 'दाभोळ', आणि तिथे कितीही शब्दसंग्रह असला तरी भूगोलच लागतो. पहिली जोडी विरुद्ध निघाली म्हणून दुसरी जोडी डोळे मिटून लावायची नाही. वाक्य करा, मग लावा.

शब्दसाठा वाढवायचा कसा

माझ्याकडची मुलं वहीत 'शब्द – विरुद्धार्थी शब्द' अशा दोन रांगा लिहीत नाहीत. आम्ही नामाची पानं करतो. एक पान पाण्याचं: उथळ-खोल, गोडे-खारे, संथ-खवळलेले, नितळ-गढूळ. एक पान फणसाचं, आणि तिथे आमच्या वहीत जी जोडी आहे ती पुण्याच्या मुलांच्या वहीत क्वचितच असेल: कापा-बरका, म्हणजे घट्ट गऱ्यांचा आणि मऊ गऱ्यांचा. एक पान पैशाचं: जमा-खर्च, नफा-तोटा, धनको-ऋणको. एक पान तिथीचं. रोज एका पानावर दोन जोड्या, बस. यादी नसल्यामुळे पाठ करावी लागत नाही.

घरचा शब्द आणि परीक्षेचा शब्द वेगळा असेल तर दोन्ही शेजारी लिहितो. मुलं 'बाव' म्हणतात, पेपरात 'विहीर' येते. घरच्या शब्दाला कमी लेखलं तर मुलं तोंड मिटतात आणि त्यांच्याकडचं ज्ञानही आत राहतं. एखादा शब्द फक्त आपल्याकडचा की सगळीकडचा, हे पाहायला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश चांगला. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्या खंडांत शब्दापुढे 'कु.', 'राजा.' अशा खुणा आहेत. कुडाळी, राजापुरी.

वरच्या वर्गांतल्या मुलांना शब्द फोडायला शिकवा. जल म्हणजे पाणी. 'ज' म्हणजे जन्मलेला, 'द' म्हणजे देणारा, 'धि' म्हणजे धारण करणारा. मग जलज म्हणजे कमळ, जलद म्हणजे ढग, जलधी म्हणजे समुद्र. आता जलच्या जागी नीर ठेवा: नीरज, नीरद, नीरधी. अंबू ठेवा: अंबुज, अंबुद, अंबुधी. तीन किल्ल्यांत नऊ कुलुपं उघडली. एवढंच सांभाळायचं की रोजच्या बोलण्यातलं 'जलद' म्हणजे वेगानं, आणि पेपर काढणाऱ्याला हे माहीत असतं.

थोडा सराव

घड्याळ लावून सोडवा, सात प्रश्नांना तीन मिनिटं.

१. आवक : जावक :: जमा : ? (वजा, खर्च, बाकी, रोकड)
२. प्राचीन : अर्वाचीन :: स्थावर : ? (अचल, जंगम, जमीन, स्थिर)
३. शुद्ध : वद्य :: शुक्ल : ? (पांढरा, अशुद्ध, कृष्ण, पक्ष)
४. काजूबी : काजूगर :: भात : ? (पेज, पेंढा, तांदूळ, शेत)
५. गुरू : शिष्य :: धनको : ? (निर्धन, सावकार, ऋणको, धनिक)
६. नीरज : कमळ :: नीरद : ? (समुद्र, ढग, कोरडा, मासा)
७. दिवस : खारे वारे :: रात्र : ? (गोडे वारे, मतलई वारे, मोसमी वारे, कोरडे वारे)

पहिल्याला खर्च, जोडी हिशेबाच्या वहीतली आहे. दुसऱ्याला जंगम, 'अचल' आणि 'स्थिर' हे स्थावराचे मित्र आहेत, शत्रू नव्हेत. तिसऱ्याला कृष्ण, कारण 'वद्य' शब्द आल्याबरोबर प्रश्न पंचांगात गेला. चौथ्यात विरुद्ध काहीच नाही: टरफल काढल्यावर काय उरतं ते विचारलंय. आपल्याकडे शेतातल्या पिकालाही भातच म्हणतात, म्हणून तांदूळ. पाचव्याला ऋणको, 'निर्धन' हा 'धन' शब्दाचा लोभ दाखवून बसवलेला आहे. सहाव्याला ढग.

सातव्याला पडवीत गंमत झाली. 'खारे'वाल्या माझ्या त्या हुशार मुलीनं या वेळी 'गोडे वारे' लिहिलं, आणि तेही सगळ्यांच्या आधी. दिवसा जमीन लवकर तापते आणि वारा समुद्राकडून येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. सांगितल्यावर ती काही बोलली नाही. घरी जाऊन बापसाला विचारून आली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत नवं पान होतं. वर लिहिलं होतं 'खारे', खाली तीन ओळी:

पाणी – गोडे
वारे – मतलई
शेंगदाणे –

तिसरी ओळ अजून कोरी आहे.